रेशीमशेतीचं कपाट

रेवतीने तो जाडजूड प्रबंध ओढणीखाली दाबला आणि ती तडक लायब्ररीतल्या रेशीमशेतीच्या कपाटाकडे निघाली. तिकडे माणूस सोडाच, झाडूसुद्धा फिरकत नव्हता.

तिची आणि शलाकाची पीएचडी कॉलेजातल्या शिकवण्यावर, सरही एकच. पण सरांच्या तोंडी सदा एकच नाव. "शलाकाला बघा, कुठून कुठून संदर्भ शोधून आणते!" ऐकून रेवतीचा नुसता जळफळाट व्हायचा. पोरं वर्गात प्रश्न का विचारत नाहीत, यावरचा हा एकुलता एक जुना प्रबंध शलाका आठवडाभर शोधत होती. आता शोध म्हणावं!

तिने पुस्तकांच्या मागे हात घातला, तर तिथे आधीच काहीतरी होतं. ओढून बघते तर परीक्षापद्धतीवरचं तेच पुस्तक, ज्याच्यासाठी ती दिवाळीपासून ग्रंथपालांशी भांडत होती.

"ते ने आता, माझं वाचून झालंय," मागून शलाका म्हणाली. "आणि ओढणीखालचं इकडे दे."

रेवतीने प्रबंध काढून तिच्या हातात ठेवला. पकडली गेल्याचं तिला काही वाटलं नाही. पण मेली लपवायची जागासुद्धा हिनेच आधी शोधावी?