तिसऱ्या प्रकरणात मेलेला माणूस

प्रूफवाल्यांनी त्या एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली होती.

तशी चूक त्यांचीच. कादंबरी प्रेमाची होती. तो जातो, ती वाट बघते. शेवटच्या पानावर ती दाराशी उभी असते आणि जिन्यावर कुणाचंच पाऊल वाजत नाही. त्या पानाच्या समासात त्यांनी पेन्सिलीनं विचारलं होतं, ‘तो परत येत नाही का?’ मुद्रितशोधकानं वाक्य तुटलंय का, तारीख चुकलीय का, एवढंच विचारायचं असतं. कथेत नाक खुपसायचं नसतं. लेखिकेनं प्रुफं छापखान्याकडे धाडली, पण या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या पाकिटातून त्यांच्या घरी आलं. ‘आला, तर तिनं दार उघडावं असं तुम्हाला वाटतं का? तुम्ही सांगाल तसं लिहीन.’

लेखिकाबाईंना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. ओळख सगळी समासातली. तरी पत्र कशाबद्दल आहे हे न कळण्याइतके ते बावळट नव्हते. उत्तर लिहायला बसले की हाताला सवयच अशी, की लिहिलेलं ते तपासायचे. हा शब्द जास्त, ते वाक्य आगाऊ. काट मारता मारता कागदावर नुसता मायना उरायचा. तोवर पुस्तक छापून झालं. लोकांनी डोक्यावर घेतलं. बाईंनी पुढं काही लिहिलं नाही.

आणि आज एक तरुण लेखिका त्यांच्यासमोर बसली होती. तिच्या मांडीवर त्या कादंबरीच्या पुढच्या भागाची प्रुफं होती. प्रकाशकानं तो तिच्याकडून लिहवून घेतला होता.

“बाईंनी परवानगी दिली?” प्रूफवाल्यांनी विचारलं.

“लगेच! मला वाटलं होतं, अंगावर येतील. एकच अट घातली. प्रुफं तुम्ही वाचायची.”

“मी हे काम सोडून दहा वर्षं झाली.”

“तेही सांगितलं मी त्यांना, काका. म्हणाल्या, त्यांना म्हणावं, समासात काही विचारायचं असेल तर विचारा.”

“हा विचारतोय!” खिडकीशी मोजे रफू करत बसलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीनं मान वर न करता म्हटलं. “जेवताना मीठ मागायचं तरी मनात आधी कच्चा खर्डा करतो.”

“ताई, तू गप गं.”

लेखिका हसली. प्रूफवाल्यांनी चष्मा पुसला आणि पानं उलटायला घेतली. भाषा चांगली होती, हात स्वच्छ होता. तिसऱ्या प्रकरणात ते थांबले.

“हा मेला?”

“मारावाच लागला.” तिनं ओशाळून हात उडवले. “तुम्हीच सांगा. चाळीस वर्षं ज्यानं साधं पत्र टाकलं नाही, तो माणूस जिवंत कसा असेल? कोण विश्वास ठेवेल?”

खिडकीशी ताईंनी सुईचा दोरा ओढला.

“बाईंनी वाचलं हे?”

“वाचलं. पानं नीट जुळवून ठेवली. मग म्हणाल्या, तुझंच बरोबर असेल, पोरी. मीही आता तसंच धरून चाललेय.”

प्रूफवाल्यांनी पेन्सिल उचलली. समासाशी नेली, आणि परत खाली ठेवली.

“त्या अजून तिथंच राहतात? चौथा मजला, नदीकडची बाजू?”

“तुम्हाला कसं माहीत?” ती चकित झाली. “तिथंच. डॉक्टर कानीकपाळी ओरडतात, गुडघे गेलेत, खालच्या मजल्यावर जागा घ्या. ऐकतील तर शपथ! म्हणतात, पत्ता बदलला की पंचाईत होते.”

“छापायला कधी जाणार?”

“सोमवारी.”

“तिसरं प्रकरण सोमवारपर्यंत थांबवता येईल?”

“का? काही चुकलंय?”

“तुमचं नाही,” प्रूफवाले म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून एक कार्ड काढलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं. ‘तो मेलेला नाही. भित्रा आहे. तिनं दार उघडावं असं मला तेव्हाही वाटत होतं.’ खाली नाव. नावाखाली, जरा घाईनं, स्वतःचा पत्ता.

ते चपला शोधायला लागले तशी ताईंनी सुई थांबवली. “अरे, एकदा वाचून तरी बघ. काहीतरी चुकलं असेल.”

“असेल,” ते म्हणाले आणि जिना उतरले.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत कार्ड पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. पेटीवर डाक नेण्याची वेळ चारची होती. साडेतीन झाले होते. प्रूफवाले पेटीला टेकून उभे राहिले. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते. एरवी ते कुणाच्या वाटेत असे कधी उभे राहिले नसते.

चारला डाकवाला आला. किल्ली लावून त्यानं पेटी उघडली, सगळी पत्रं थैलीत ओतली आणि यांच्याकडे बघून मान हलवली. रोज कुणी ना कुणी असा उभा असायचा म्हणे.

“टाकलेलं पत्र परत मिळत नाही, आजोबा. नियम आहे तसा.”

“नक्की ना?” प्रूफवाल्यांनी विचारलं.