बंदूक किती वेळा पुसावी?

येम्टलँडच्या रानात याही वर्षी सिक्स्टेनची बंदूक ऐन वेळी अडकली. एल्क हरणाची मादी त्याच्यासमोरून रमतगमत निघून गेली आणि शिकारी टोळीचा म्होरक्या उल्फ वैतागला.

"काका, वर्षातून एकदा नळी पुसून कसं भागेल? प्रत्येक शिकारीनंतर साफ करायची असते!"

"वय झालं रे, राहून जातं," सिक्स्टेन ओशाळून म्हणाला. सगळे खो खो हसले.

घरी आल्यावर रोजच्या सवयीने त्याने बंदूक उघडली आणि तेलाचा बोळा फिरवला. नळी मुळातच आरशासारखी लखलखत होती.

कॉफी ओतता ओतता बायकोने हळूच विचारलं, "मग? आली होती का ती?"

 

"आली होती ना! यंदा दोन पिल्लं आहेत सोबत."