तांबोशी

सुहासिनीबाईंनी डबा उघडलाच नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर त्या एकट्या बसल्या होत्या. डब्यात दहीभात होता, सकाळी सुनेने भाड्याच्या घरातल्या परक्या पातेल्यात शिजवलेला.

समुद्राला लागून टपऱ्यांची रांग होती. प्रत्येक टपरीत कढई, कढईत मासे, आणि वारा तो सगळा वास उचलून थेट त्यांच्या टेबलावर आणून टाकत होता. मुलगा सिद्धेश, सून रुचा आणि नात आन्या लांबच्या टेबलावर बसली होती. आईला वासाचा त्रास नको म्हणून.

मॉरिसव्हिलहून, सिद्धेशच्या अमेरिकेतल्या घरून, निघाल्यापासून हेच चाललं होतं. त्याच्या ग्रीन कार्डाचं घोंगडं भिजत पडलेलं, देशाबाहेर पाऊल टाकायची भीती, म्हणून पोर्तो रिको. बेट अमेरिकेच्याच ताब्यातलं, त्यामुळे अमेरिका न सोडता कॅरिबियन समुद्र बघून होतो. सिद्धेश रोज सकाळी फोन घेऊन बसायचा आणि कुठे जेवायचं ते शोधायचा. तिघांसाठी एक जागा, आईसाठी एक कोपरा.

"आई, जेवून घे ना," तो तिथूनच ओरडला. "आम्ही पटकन आटपतो."

सुहासिनीबाई उठल्या. डबा तिथेच राहिला. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून खरखरत ओढत आणली आणि त्या तिघांच्या टेबलाला लावली.

"अगं, इथे कुठे? इथे सगळं नॉनव्हेज येणारे."

"येऊ दे."

टपरीवाली ऑर्डर घ्यायला आली. तिघांचं लिहून घेतलं आणि सुहासिनीबाईंकडे वळली. "अँड यू, मामी?" तिथे वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणत.

"शी इज व्हेजिटेरियन," सिद्धेश म्हणाला. "जस्ट वॉटर फॉर हर."

"नो." सुहासिनीबाईंचा आवाज एवढा चढला की टपरीवाली अर्धं पाऊल मागे सरली. त्यांनी काचेमागच्या बर्फाकडे बोट केलं. "फिश. दॅट वन. फुल."

टपरीवाली हसली आणि गेली.

"आई, काय चाललंय? मासा आहे तो."

"दिसतोय मला. तांबोशी आहे. तू चालायला शिकायच्या आधीपासून साफ करत आलेय मी."

"पण बाबा गेल्यावर तू सोडलंस ना?"

"कोण म्हणालं?"

सिद्धेश गोंधळला. "तेराव्याला मावशीच म्हणाली ना, सुहास आता खाणार नाही."

"मावशी म्हणाली. तू मान हलवलीस. लगेच माझं ताट वेगळं झालं. देवगडला आपल्या दारावरून मासेवाली जाते, तर शेजारीण तिला सांगते, त्यांच्याकडे थांबू नकोस गं. तीन वर्षं झाली. मला एकाने तरी विचारलं?"

"आम्ही तुझ्या भावनांचाच विचार..."

"माझ्या भावना माझ्याकडे होत्या. तुझ्या बाबांना सुरमई आवडायची, मला तांबोशी. चाळीस वर्षं घरात बहुतेक सुरमईच आली. मी काही बोलले नाही. ते गेले आणि दोन्ही बंद झाल्या!"

"हळू, आई. लोक बघतायत."

"बघू देत. जेवतेच आहे, चोरी नाही करत."

रुचा इतका वेळ मान खाली घालून बसली होती. "मला एकदा शंका आली होती, आई," ती म्हणाली. "मी पापलेट तळायला लागले की तुम्ही ओट्यापाशी येऊन उभ्या राहायचात."

"मग?"

"मग मी सिद्धेशला विचारलं."

"त्याला विचारलंस."



आता सिद्धेश भडकला. "किती शोधाशोध केली मी! सगळी सुट्टी त्यात गेली माझी. तुझ्यासाठी व्हेज ऑप्शन बघायचा, रिव्ह्यू वाचायचे, वर फोन करून कन्फर्म करायचं. इथली उसळसुद्धा डुकराच्या चरबीत करतात, ठाऊक आहे तुला? आणि तू मजेत बघत बसलीस?"

"मजेत?" सुहासिनीबाईंनी टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला कलंडला. आन्याने तो चटकन सरळ केला आणि आजीकडे बघत राहिली.

मासा आला. अख्खा, कुरकुरीत, अंगावर तिरके छेद, बाजूला कच्च्या केळ्याच्या तळलेल्या चकत्या. टपरीवालीने काटा-चमचा ठेवला, तो सुहासिनीबाईंनी बाजूला सारला. लिंबू पिळलं. अंगठा कल्ल्यामागे घालून सगळी वरची बाजू कण्यापासून अलगद उचलली. त्यातला एक मऊ तुकडा आन्याच्या ताटलीत ठेवला.

"आजी, यू ईट फिश?"

"यस," त्या म्हणाल्या. "आय ईट फिश."

मग त्या खायला लागल्या. तोंडावर आनंद वगैरे काही नव्हता. भांडल्यासारख्या खात होत्या. हनुवटीवर तेल आलं, ते त्यांनी मनगटाने पुसलं. डोक्याचा भाग तोडला, आतलं चोखलं, कवटी पालथी घातली. शेजारच्या टेबलावरचं जोडपं आता उघड उघड बघत होतं. सिद्धेशची ताटली येऊन पडली होती. त्याने तिला हात लावला नाही.

तो पुढे झुकला. आवाज खाली आला होता. "एवढं मनात होतं तर बोलली का नाहीस, आई? तीन वर्षं?"

सुहासिनीबाईंनी तेलकट हात उचलून त्याला थांबवलं. गालातला घास तिथेच राहिला.

"थांब," त्या म्हणाल्या. "तोंडात काटा आहे."