तांडेलाचा शब्द

"हे जरा धर गं," म्हणत साहेबांनी गळाचा रॉड बायकोच्या हातात कोंबला आणि ते ओकायला बादलीकडे धावले.

धावले म्हणजे कसेबसे पोचले. सकाळी धक्क्यावरून निघताना त्यांनी बोट हाकणाऱ्या तांडेलाला मार्लिन माशाचा स्वभाव समजावून सांगितला होता. तांडेलाचा जन्म याच पाण्यावर गेलेला, पण त्याने मान डोलावली. अकरा वर्षं तो हेच करत होता. बोट साहेबांची, पगार साहेबांचा, मान तेवढी त्याची स्वतःची.

साहेब गळ-क्लबाच्या नियम समितीचे अध्यक्ष. त्रेचाळीस नियमांची पुस्तिका त्यांनी एकहाती लिहिली होती. मासे मात्र अकरा स्पर्धांत मिळून दोनच, आणि त्यातला एक आमिषापेक्षा लहान. बाईसाहेब दरवर्षी सोबत यायच्या, फोटो काढायला. कॅमेऱ्याचं झाकण काढायची वेळ काही फारशी येत नसे.

बाईसाहेबांनी रॉड धरला आणि रीळ किंचाळलं. गळाचं तंगूस सरसर सुटलं. लांबवर पाणी फाटलं आणि भाल्यासारखं तोंड वर करून एक निळाशार मार्लिन उभाच्या उभा बाहेर आला. माणसापेक्षा दीडपट तरी असेल. तांडेलाच्या तोंडून शिवी निघाली, पण ती कौतुकाची होती.

"दे इकडे! दे!" साहेब बादलीत तोंड घालूनच ओरडले.

"साहेब, नियम नऊ," तांडेल सुकाणूवरून म्हणाला. "मासा लागला तेव्हा रॉड ज्याच्या हातात, मासा त्याचा. दुसऱ्याचा हात लागला की बाद."

नियम साहेबांचाच. गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांचा चषक याच नियमाने गेला होता. जावयाने रॉडला नुसतं बोट लावलं होतं. नंतर साहेबांनी डॉक्टरांचं मोठ्या मनाने सांत्वन केलं, अर्धा तास, माईकवरून.

बाईसाहेबांनी चपला भिरकावल्या आणि दोन्ही पाय फळीला रोवले. तांडेल सांगत होता, "सोडा… सोडा… आता ओढा!" साहेबही सांगत होते, बरोबर उलटं. मासा खाली बुडी मारायचा, बोट कलायची आणि साहेबांचं मार्गदर्शन मध्येच बादलीत पडायचं. दीड तास हे असंच चाललं. बाईंचे तळहात सोलवटले, केस तोंडावर चिकटले, आणि त्या हसत होत्या. तांडेलाने अकरा वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं.

मासा दमून बोटीजवळ आला तेव्हा साहेब उठले. एव्हाना त्यांच्या पोटात एक मत्सर सोडला तर दुसरं काही उरलं नव्हतं. झोकांड्या खात ते बायकोपाशी आले.

"दमलीस गं तू," ते अगदी मायेने म्हणाले आणि त्यांनी पंजा रॉडवर ठेवला. चांगला घट्ट. मग वळून विचारलं, "पाहिलंस ना तांडेल?"

"पाहिलं, साहेब."

"मुद्दाम नाही हं. ओघात झालं. पण नियम तो नियम."

बाईसाहेबांनी वर पाहिलं. हसू मावळलं होतं. "म्हणजे बाद ना हो?"

"माझाही नाइलाज आहे."

"असू दे. सरका तिकडे. मला तो जवळून बघायचाय."

आणि त्या ओढत राहिल्या. बाद झालेला मासा त्यांनी आणखी वीस मिनिटं ओढला. स्पर्धेच्या रीतीप्रमाणे तांडेलाने बोटीलगत पट्टी धरून तो मोजला, गळ सोडवला. बाईंनी ओणवं होऊन त्याच्या अंगावरून सोललेला हात फिरवला. "जा रे बाबा," त्या म्हणाल्या. निळी पाठ पाण्यात दिसेनाशी झाली तरी त्या वाकूनच होत्या. तांडेलाने तोंड फिरवलं. त्याच्या डोक्यात संतापाने घण पडत होते.

धक्क्यावर सगळा क्लब जमला होता. साहेब सर्वांत आधी उतरले. बादली अजून त्यांच्या हातातच होती, ती त्यांनी घाईने पाठीमागे लपवली. दातांचे डॉक्टर ती लांबूनच निरखत होते. टेबलामागे निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या, यंदाच्या पंच. तांडेलाने माप सांगितलं. क्लबात इतका मोठा मासा आजवर कुणाच्या गळाला लागला नव्हता. टाळ्या सुरू होतात न होतात तोच साहेबांनी हात वर केला. एकच, कारण दुसरा गुंतलेला होता.

"मला आनंदच झाला असता," ते खिन्नपणे म्हणाले. "पण माझा हात रॉडला लागला. पत्नीचा मासा असला तरी नियम सगळ्यांना सारखे."

पंचबाईंनी पुस्तिका उघडली. "नियम सतरा. वाद झाल्यास तांडेल सांगेल ते अंतिम. गळ टाकणाऱ्याच्या घरच्यांचा शब्द धरू नये."

हाही नियम साहेबांचाच. डॉक्टरांच्या जावयाची साक्ष उडवायला खास घातलेला.

"सांग की," साहेब तांडेलाला म्हणाले. "डोळ्यांनी पाहिलंस ते सांग."

तांडेलाने बाईसाहेबांकडे पाहिलं. त्या सर्वांत मागे उभ्या होत्या, सोललेले हात पाठीशी घेऊन. त्याने खिशातून बोटीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. साहेब क्षणभर किल्लीकडे बघतच राहिले.

"साहेबांचा हात कसा लागेल, बाई?" तांडेल पंचबाईंना म्हणाला. "दोन्ही हातांनी ते दिवसभर ती बादली धरून होते."