पडद्यापलीकडचे सर

भूल फक्त पोटापुरती होती, त्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं. गळ्यापाशी हिरवा पडदा लावला होता आणि पलीकडे पोटाची चरबी ओढून काढणारं लायपोसक्शनचं नवं कोरं मशीन घुरघुरत होतं. घरात कुणालाच पत्ता नव्हता. नणंद तेवढी बाहेर बाकड्यावर बसली होती, तीही हिनं शपथ घातली म्हणून गप्प.

"एवढा जोर लावू नका, डॉक्टर," एक भारदस्त आवाज म्हणाला. "नळी आडवी धरा. खाली आतडी आहेत."

"हो सर," डॉक्टर म्हणाले.

सकाळी तिच्या पोटावर पेनानं गोल काढताना हेच डॉक्टर केवढ्या ऐटीत बोलत होते! आता ते दर वेळी "बरोबर ना, सर?" असं विचारत होते. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. पण तो दुसरा आवाज पुन्हा ऐकू आला आणि तिच्या जिवात जीव आला. डॉक्टरांचे कुणीतरी मोठे सर जातीनं उभे आहेत म्हटल्यावर भ्यायचं कशाला?

"घाम पुसा आधी. हं, आता हळूच मागे घ्या. बरोबर."

ती त्या आवाजाला घट्ट धरून पडून राहिली. मग पावलं दाराकडे गेली.

"सर, थांबा ना जरा," डॉक्टर म्हणाले. "डावी बाजू अजून राहिलीय."

"ती तुम्ही करा आता, जमेल तुम्हाला. मला निघायला हवं. समोरच्या दवाखान्यालाही आजच असंच एक मशीन विकायचंय."