सोबतीचा नंबर

“दोन्ही कानांत बोंडं खुपसलीयेस ना? एक काढ आधी,” फोनवरून ताई म्हणाल्या.

ससुलीने निमूटपणे डाव्या कानातला ईअरफोन काढला आणि ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरायला घेतल्या. ताईंना हे कळतं कसं, हे कोडं तिला अडीच वर्षांत सुटलं नव्हतं.

“निघतेय, ताई.”

“नीघ. फोन ठेवू नकोस. मी आहे.”

रोज संध्याकाळी सात वाजता एवढंच बोलणं व्हायचं आणि मग वसतिगृहाचं दार येईपर्यंत वीस मिनिटं ताई सोबतीला असायच्या. ‘सोबत’ हा विद्यापीठाचा नंबर. एकटं जायचं असेल तर फिरवा, पोचेपर्यंत कोणीतरी बोलत राहील, असं ओळखपत्राबरोबरच्या पत्रकात छापलेलं होतं. पत्रक सगळ्यांनीच चुरगाळून टाकलं, ससुलीनेही. पहिल्याच सत्रात मोटारसायकलवरच्या दोघांनी तिची बॅग हिसकावली, कोपर फुटलं आणि ती विद्यापीठातून नाव काढून घरी जायला निघाली. तेव्हा सुरक्षा कार्यालयातल्या काकांनी पत्रकाची दुसरी प्रत तिच्या हातात ठेवली. “आठवडाभर हा नंबर लावून बघ. मग खुशाल जा,” ते म्हणाले.

तो आठवडा काही संपला नाही.

ती भित्री म्हणून मैत्रिणींनी तिचं नाव ससुली ठेवलं होतं. ताईंनी ते ऐकलं, खळखळून हसल्या आणि तेच उचललं. त्यांच्या तोंडी मात्र ते एखाद्या शूर मुलीचं नाव वाटायचं.

विद्यापीठाचा सगळा परिसर ताईंना तोंडपाठ होता. “प्रयोगशाळेच्या वळणावर तिसरी फरशी हलते, जपून.” फरशी हलायची. “सायकलींच्या शेडमागून जाऊ नकोस, तिथला दिवा कालपासून गेलाय.” खरंच गेलेला असायचा. “बॅग रस्त्याच्या बाजूला नको, भिंतीकडे घे. किल्ली आत्ताच काढून ठेव, दाराशी उभं राहून उचकापाचक नको.”

एकदा मागून पावलं वाजायला लागली. ससुली थांबली की थांबत, चालली की चालत. “ताई, मागे कोणीतरी आहे,” ती कुजबुजली.

“अगं, श्वास घे. डावीकडचं झेरॉक्सचं दुकान उघडं असेल, आत शीर. काउंटरवरच्या बाईंना विचार, चष्म्याची काच बदलली का?”

ससुली आत शिरली. बाईंनी चष्म्याला हात लावला आणि त्या हसल्या. “फोनवरच्या ताई ना? कालच बदलली म्हणावं. बस तू, पाणी पी.” पावलं दारावरून पुढे निघून गेली.

त्या दिवशी ससुलीचं जेवणात लक्ष लागेना. भीती केव्हाच पळाली होती. सगळीकडे नजर असलेलं, सगळ्यांची खबर ठेवणारं आणि कुणाच्या बापाला न भिणारं माणूस जगात असू शकतं, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

ताईंची चूक एकदाच झाली. “निळ्या दाराच्या कॅन्टीनपासून वळ,” त्या म्हणाल्या.

“ताई, दार पिवळं आहे.”

“कधीपासून?”

“मी आले तेव्हापासून पिवळंच.”

पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. “बरं झालं सांगितलंस.”

आपलं लक्ष आहे की नाही ते बघत असतील, असं ससुलीने धरलं.

शेवटची परीक्षा झाली. पदवीदानासाठी प्रत्येकाला दोन पास मिळाले. एक आईचा, आणि दुसरा कोणाचा हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

“ताई, तुम्ही आला नाहीत तर मी व्यासपीठावर चढणारच नाही.”

“वेडी की काय! मी नाही गं कुठे जात. माझ्या स्वतःच्या पदवीदानालाही गेले नव्हते.”

“का?”

“फरशी आली बघ, जपून,” ताई म्हणाल्या.

ससुली हट्टाला पेटली. सुरक्षा कार्यालयातले काका ताईंचा पत्ता देईनात. “असा देत नसतो आम्ही. त्यांना विचारतो,” म्हणाले. तीन दिवसांनी त्यांनी निरोप दिला, “दारापर्यंत ये म्हणाल्यात.”

घर मुख्य फाटकाच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की आलंच. पदवीदानाच्या सकाळी झगा सावरत ससुलीने तिथली बेल वाजवली. दार वीतभर उघडलं. मागे एक ठेंगणी, पांढुरक्या केसांची बाई उभी होती.

“किती उंच आहेस गं तू,” ती म्हणाली. आवाज तोच होता.

ताईंच्या खांद्यावरून ससुलीला आतली भिंत दिसली आणि ती बघतच राहिली. जमिनीपासून छतापर्यंत हाताने काढलेला विद्यापीठाचा नकाशा होता. एकेक दिवा, एकेक पायरी, हलणारी तिसरी फरशी. कॅन्टीनच्या दारावरचं निळं खोडून पिवळं केलेलं. केवढी पायपीट केली असेल या बाईने आमच्यासाठी, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. दाराशी चपलांचा एकच जोड होता, धुळीचा कणही न लागलेला. आजच्यासाठीच नवा घेतलेला दिसतोय, असं वाटून तिला भरून आलं.

तिने फटीतून पास आत सरकवला. “दहाला आहे, ताई. मी समोर फाटकापाशी थांबते.”

ताईंनी मान हलवली, की नुसतीच खाली घातली, ते तिला कळलं नाही. दार लागलं.

साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. आई आत जाऊन बसली, झगेवाल्यांची रांग हलायला लागली. ससुली बंद दाराकडे बघत फाटकापाशीच उभी राहिली.

तिचा फोन वाजला. ‘सोबत.’ अडीच वर्षांत त्या नंबरवरून तिला कधी फोन आला नव्हता.

“निघतेय,” पलीकडून इतका बारीक आवाज आला की तिने दुसऱ्या कानावर हात दाबून धरला. “अकरा वर्षांत या दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही मी. पायऱ्या किती आहेत गं, ससुले? फोन ठेवू नकोस.”