सदतीस अंश

मिर्यानाच्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. तो झोपवला की आपोआप जागा व्हायचा. सर्बियातल्या नोवी साद शहरातल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात ती माझी भागीदार. दोघं चार दिवस त्याच्याशी झगडत होतो. शेवटी वैतागून काल मी चार्जर काढला आणि त्याची बॅटरीच काढून ठेवली.

आज दुपारी परत बसवली आणि लॉग, म्हणजे लॅपटॉपची आपोआप होणारी नोंदवही, उघडला. बॅटरी नव्हती त्या वेळच्याही नोंदी होत्या. दर मिनिटाला तापमान, सदतीस अंश, माणसाच्या अंगाइतकं.

"घड्याळ बिघडलंय," मी म्हणालो.

"घड्याळ ठीक आहे, शहाण्या. दोनदा बघितलं मी," कॉफी ओतत मिर्याना म्हणाली.

मी लॉग खाली सरकवला. नोंदी आत्ताच्या वेळेपाशी थांबल्या नव्हत्या. चार वाजून दहा मिनिटांपर्यंत सदतीस. मग पस्तीस, एकतीस, सव्वीस. शेवटी एकवीस, आणि पुढे नुसतं एकवीस.

भिंतीवरचा तापमापक एकवीसच दाखवत होता.

मी लॅपटॉप तिला दिसणार नाही असा वळवला. नोंदी पुसल्या. त्या परत आल्या. पुन्हा पुसल्या.

चार अकराला मिर्यानाने शाल अंगाभोवती घट्ट ओढली.

"किती वेळा सांगायचं तुला, वारा लागतो मला. खिडकी लाव ना."

खिडकी सकाळपासून बंदच होती.